नॅचेझला अख्खा दिवस द्याच

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं नॅचेझ शहर बघायला अर्धा दिवस पुरतो, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. इथल्या लाँगवूड हवेलीत तळघरातल्या 9 खोल्याच पुऱ्या झाल्या. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि कारागीर निघून गेले. वरच्या मजल्यांवर उघड्या विटा, लाकडी सांगाडा, त्यांची अवजारंही तशीच.

पण नुसत्या हवेल्या बघून परतू नका, अगदी कळकळीने सांगते. हे वैभव कापसाचं, म्हणजे गुलामांच्या घामाचं. शहरातल्या फोर्क्स ऑफ द रोड या जागी गुलामांचा मोठा बाजार भरायचा. तिथे काँक्रीटमध्ये बेड्या रोवल्यात. खाली वाकून बघितल्या आणि बराच वेळ पाय निघेना.

संध्याकाळी मिसिसिपी नदीकाठच्या कड्यावर बसा. सूर्य पलीकडे लुइझियाना राज्यात मावळतो.