मदत हवी आहे: आजोबांच्या सायकलला जुन्या धाटणीचं इंजिन बसवायचंय, फ्रेमला भोक न पाडता (बडोदा)

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितोय, दांडिया बाजारातून. सायकल, लेथ, चाकबांधणी यांतलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा. लांबलंय खरं, पण अर्धवट सांगून विचारलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

आमच्या जिन्याखाली आजोबांची सायकल आहे. २४ इंची काळी फ्रेम, २८ x १½ ची चाकं, रॉड ब्रेक, पूर्ण झाकलेलं चेनकव्हर. आजोबा प्रतापनगरला रेल्वेत होते आणि नोकरी संपेपर्यंत ह्याच सायकलवर गेले-आले. हँडलच्या मानेला सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला अजून तारेने बांधलेला आहे. आकडे पुसलेत, पण अंगठा फिरवला की हाताला लागतात. चेनकव्हरला तेल सोडायची बारीक सरकती झडप आहे. दर रविवारी आजोबा तिथून दोन थेंब सोडत आणि झडप "टक्" करून बंद करत. तो आवाज आजही तसाच येतो.

बाबा आता ७४ वर्षांचे. तरुणपणी लुना चालवली, त्याआधी हीच सायकल. आता गुडघे साथ देत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. सगळे जण मोठ्या मोटारींभोवती गर्दी करत होते, आणि बाबा घरी येताना एवढंच म्हणाले, "आपल्या सायकलला इंजिन असतं तर मी रोज कमाटीबागेत गेलो असतो." तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मला हवी आहे ती १९०० च्या आसपासच्या मोटारसायकलची धाटणी. म्हणजे सायकलच, फक्त फ्रेमच्या त्रिकोणात इंजिन, आडव्या दांडीखाली चपटी टाकी आणि मागच्या चाकाला पट्टा. इंजिनाची जागा मी नुसती दिसण्यासाठी ठरवलेली नाही. पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी १८९७ मध्ये इंजिन पुढच्या चाकावर ठेवलं होतं. वजन वर आणि पुढे गेल्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी घसरायची. १९०१ मध्ये त्यांनी ते खाली, पायडलच्या धुरीपाशी आणलं, आणि आजही मोटारसायकलचं इंजिन साधारण तिथेच असतं. बाबा बसणार असतील तर वजन खालीच हवं.

आता माझी चूक सांगतो, कारण प्रश्न तिथूनच सुरू होतो. मी ऑनलाइन एक "८० सीसी" टू-स्ट्रोक किट मागवलं. आल्यावर मोजलं तर बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमी. त्यावरून आकारमान काढलं तर ६६ सीसीच भरतात. त्याचं मागचं दातेरी चक्र रबरी चकत्यांमध्ये धरून ९ बोल्टांनी आऱ्यांवर आवळायचं असतं. हे गणित ३६ आऱ्यांच्या चाकाचं आहे: दर ४ आऱ्यांना एक बोल्ट. आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, हे मला माहीत होतं आणि तरी मी तिकडे लक्ष दिलं नाही. तीन बोल्ट थेट आऱ्यांवर बसले. मी ते दाबून बसवले.

मकरपुरा जीआयडीसीत मित्राचं वर्कशॉप आहे. रविवारी त्याच्या बंद आवारात चाचणी घेतली. चक्र केंद्रातून किंचित सरकलेलं होतं, त्यामुळे चेन एकदा ताठ आणि एकदा सैल होत होती. तिसऱ्या फेरीला चेन उतरून चक्र आणि आरे यांच्यात अडकली आणि मागचं चाक जागीच जाम झालं. चार आरे तुटले, माझं कोपर सोललं. आत्ता सीटवर बाबा असते तर, हा विचार मनात आला आणि त्याच संध्याकाळी किट उतरवलं. फ्रेमला काही झालं नाही, हे नशीब.

त्यानंतर कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२८): चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते "मोटार वाहन" धरत नाहीत. म्हणजे ६६ सीसी असली की ती मोटारसायकलच. नोंदणी, नंबर, विमा सगळं हवं, आणि घरी बनवलेल्या एकट्या गाडीची नोंदणी होणं जवळपास अशक्य.

म्हणून नवा बेत असा. गवत कापायच्या मशीनचं २५ सीसी फोर-स्ट्रोक इंजिन. ताकद साधारण एक अश्वशक्ती, तेल पेट्रोलात मिसळायची भानगड नाही, आवाज कमी. ते मिनिटाला ७००० फेऱ्यांवर फिरतं आणि माझ्या चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर. ताशी २५ किमीला चाक मिनिटाला १८७ फेरे घेतं. म्हणजे इंजिन आणि चाक यांत ३७ ला १ च्या आसपास घट हवी. इंजिनाला ४:१ चा गिअरबॉक्स, पुढे ५० मिमीची पुली आणि चाकावर ४५० मिमीची मोठी पुली (९:१) धरली तर ३६:१ होतात, वेग साधारण २६ किमी. बाबांना तेवढा पुष्कळ.

अडलंय ते इथे. चाकावरची मोठी पुली ४० आऱ्यांवर कशी धरायची, पुन्हा तीच चूक न करता? लहान पुलीला पट्ट्याचा विळखा फार कमी पडतो, पट्टा घसरेल का? आणि सगळ्यात मोठी काळजी ब्रेकची. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूने, खालून वर खेचले जाऊन लागतात. पायडलच्या वेगाला ठीक आहे, पण १५ ऐवजी २५ च्या वेगाला थांबवायची ऊर्जा पावणेतीन पट होते. पावसात तर ते रबर नुसते रिमवरून सरकतात. ह्या रिमला बाजूची सपाट कड नाही, त्यामुळे साधे कॅलिपर ब्रेकही लागत नाहीत.

एकच अट: फ्रेमला भोक नाही, वेल्डिंग नाही. उद्या इंजिन काढलं तर आजोबांची सायकल जशीच्या तशी राहिली पाहिजे.

प्रतिसाद: लेथवाला (मकरपुरा)

दादा, फ्रेमबद्दलची तुमची अट अगदी योग्य. ह्या फ्रेमचे सांधे पितळेने झाळलेले असतात. जवळ वेल्डिंगची आच गेली की झाळ मऊ पडते, वरून काही दिसत नाही आणि सहा महिन्यांनी सांधा बोलायला लागतो. दांड्या साधारण २८ मिमीच्या आहेत. दोन भागांचे क्लॅम्प करून घ्या, आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि नट नायलॉनवाले लावा. क्लॅम्प रुंद हवा, निदान ३० मिमी. अरुंद क्लॅम्प दांडीला चावतो.

पुलीचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. ४० आरे, मग बोल्ट १० घ्या. दर चार आऱ्यांना एक, सगळे सारख्या अंतरावर. ॲल्युमिनियमची पट्टी रोल करून व्ही आकाराचं कडं बनवायचं आणि ते आऱ्यांच्या क्रॉसच्या बाहेर १० आकड्यांनी (हुकासारख्या बोल्टांनी) धरायचं. जुन्या पट्ट्यावाल्या गाड्यांचं कडंही आऱ्यांनाच पकडलेलं असायचं. आकडे घट्ट करायच्या आधी डायल गेज (डुलणं मोजायचं घड्याळ) लावून कडं फिरवून बघा. अर्ध्या मिमीच्या वर डुलत असेल तर पुढे जाऊ नका. आणि तुटलेल्या चार आऱ्यांच्या जागी चारच घालू नका. सगळे चाळीस नवीन, १३ गेजचे. जुने सगळे ताण खाऊन बसलेत.

पट्टा घसरेलच. लहान पुली ५० पेक्षा बारीक करू नका, नाहीतर पट्टा वळताना आतून फाटतो. सैल बाजूला स्प्रिंगवाली जॉकी पुली द्या, ती पट्ट्याला बाहेरून दाबून विळखा वाढवेल. तीच जॉकी हँडलवरच्या लिव्हरला जोडली तर तुमचा क्लच पण झाला. लिव्हर सोडली की पट्टा ढिला आणि सायकल पायडलवर मोकळी. बाबांसाठी हे सगळ्यात सुरक्षित, कारण घाबरला माणूस आधी हात सोडतो.

प्रतिसाद: चढउतार (कोल्हापूर)

पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब (चाकाचा मधला भाग) घाला. ३२ भोकांचे ७० मिमीचे ड्रम हब सायकलसाठी मिळतात आणि तुमचं पुढचं रिम ३२ चंच आहे, म्हणजे जुनं रिम तसंच वापरता येईल. एक लक्षात ठेवा, ड्रमचा लोखंडी दांडा चिमट्याच्या डाव्या पायाला पट्टीने बांधावा लागतो, आणि ब्रेक मारला की सगळा जोर त्या एका पायावर येतो. ती पट्टी जितकी वर बांधता येईल तितकी बरी. मागचा रॉड ब्रेक राहू द्या, जोडीला म्हणून.

बाकी माझं स्पष्ट मत: ७४ वर्षांच्या माणसासाठी इंजिनाऐवजी हबमध्ये बसणारी २५० वॉटच्या आतली मोटर लावा. किक नाही, धूर नाही, पट्टा नाही. वजन बॅटरी सोडून ६० किलोच्या आत आणि वेग २५ च्या आत असेल तर तीही मोटार वाहनात धरत नाहीत. फक्त ह्या अटी चाचणी संस्थेने तपासलेल्या असाव्या लागतात, म्हणून सुटी मोटर घरी बसवण्यापेक्षा तयार मंजूर सायकल घेणं सरळ.

प्रतिसाद: एक वाचक (ठाणे)

कागदाची दुसरी बाजू कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन नाही, म्हणजे मोटारीचा थर्ड पार्टी विमाही नाही. कोणाला लागलं तर भरपाई तुमच्या खिशातून. निदान व्यक्तिगत दायित्वाची पॉलिसी बघून ठेवा. आणि पितळी टाकी डागून त्यात पेट्रोल भरायचा विचार असेल तर सोडून द्या. कंपनाने कथलाची डाग उकलते, आणि टाकीखालीच गरम इंजिन आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस वाचून, बाबांना वाचून दाखवून मग लिहितोय.

टाकीबद्दल बरं झालं सांगितलंत. मांडवीजवळच्या कंसाऱ्याकडे पितळी पत्रा बघूनही आलो होतो. आता पितळेचं नुसतं कवच करायचं आणि आत इंजिनासोबत आलेली मूळ प्लास्टिकची टाकी.

चढउतार, तयार इलेक्ट्रिक सायकलचं तुमचं म्हणणं बाबांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "ती चांगलीच असेल, पण ती तुझ्या आजोबांची नव्हे." त्यावर मला काही बोलता आलं नाही. तरी तुमचा मुद्दा मी टाळत नाही. इंजिनासह ही सायकल आधी मी दोन महिने चालवणार, पाऊस धरून. माझा विश्वास बसला तरच बाबा बसतील. नाही बसला तर दहा आकडे आणि चार क्लॅम्प सोडले की सायकल मोकळी, आणि बाबांसाठी तुम्ही म्हणता तशी तयार सायकल आणेन.

लेथवाला, जॉकीलाच क्लच करायची कल्पना मला कधीच सुचली नसती. काल पुठ्ठ्याच्या पुल्या कापून, सुतळीचा पट्टा करून फ्रेमवर लावून बघितलं. जॉकी दाबल्यावर लहान पुलीचा विळखा स्पष्ट वाढताना दिसतो. पण एक अडचण आली: जॉकीचा हात चेनकव्हरच्या झडपेवर येतो, आणि ती झडप मला झाकायची नाही. हात डाव्या बाजूने आणून जॉकी सीटखालच्या उभ्या दांडीवर धरली तर चालेल का, की पट्टा तिरका जाईल? आणि इकडच्या कोणाला बडोदा किंवा अहमदाबादला ३२ भोकांचा ड्रम हब मिळाला असेल तर दुकान नको, गल्ली सांगितली तरी पुरे. रविवारी स्कूटरवरून शोधायला निघतोय.

प्रतिसाद: लेथवाला (मकरपुरा)

चालेल. पट्टा आणि पुली एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघा, जॉकीचा हात वाकडा असला तरी चालतो, चाक सरळ हवं. येताना चाक आणि तो पुठ्ठा दोन्ही घेऊन या, बुश मी खरादून देतो. आणि सायकल पण आणा दादा, ती झडप बघायची आहे.