उंच इमारतीत घरचं इंटरनेट: तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं?

ठाण्यात २२ मजली इमारतीत १८व्या मजल्यावर राहते. गेल्या पावसाळ्यात नेट सारखं जायचं, एकदा तर लेकीची ऑनलाइन परीक्षा चालू असताना गेलं. प्लॅन वाढवला, राउटर बदलला, फरक काही पडला नाही. शेवटी तंत्रज्ञाबरोबर स्वतः डक्टपाशी जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, की फायबर फक्त तळमजल्यापर्यंत येते. तिथून वर साधी लॅन वायर आणि मध्ये काही मजल्यांवर विजेवर चालणारे नेटवर्क स्विच, म्हणजे नेट पुढे वाटणारे डबे. कॉमन पॅसेजची लाइट गेली की स्विच बंद, मग घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही. गच्चीजवळचा स्विच विजा कडाडल्या की जळायचा. कनेक्शनच्या नावात फायबर आहे म्हणजे ती घरापर्यंत येतेच, असं मी धरून चालले होते.

सोसायटीच्या सभेत विषय लावून धरला. दुसऱ्या कंपनीला शाफ्टमधून थेट घरात फायबर ओढायला परवानगी मिळाली. आता मध्ये फक्त स्प्लिटर आहे, एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा, आणि त्याला वीज लागतच नाही. ओएनटी (घरात फायबर जिथे संपते तो, प्रकाशाचा सिग्नल वाचणारा डबा) आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. लाइट गेली तरी काम थांबत नाही.

तुमचे अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको. वायर कुठून आली, कुणी अडवलं, काय केल्यावर सुटलं, ते हवंय.

वाकड, ११वा मजला
आमची इमारत मायव्हनची, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळईच्या काँक्रीटच्या. राउटरपाशी ३०० एमबीपीएस, मागच्या बेडरूममध्ये ८. मेश, म्हणजे घरभर वायफाय पोचवणारा जोडडब्यांचा संच घेतला, पण त्याचे दोन डबेही आपसात हवेतूनच बोलणार, आणि मध्ये तीच भिंत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर तर वरखालच्या सगळ्या घरांची गर्दी. तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेवटी इलेक्ट्रिशियनने टीव्हीच्या केबलसाठी ठेवलेल्या पाइपात स्प्रिंग घालून कॅट ६ लॅन वायर ओढली आणि मेशचा दुसरा डबा तिला जोडला. आता मागच्या खोलीत २७० येतात. नवीन घर घेणाऱ्यांनी हे काम फर्निचरच्या आधी उरकावं, ही कळकळीची विनंती. आमच्या वॉर्डरोबची मागची फळी कापावी लागली.

कांदिवली, ३१वा मजला
ओएनटीवर लाल एलओएस दिवा, म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नसल्याची खूण, तोही अधूनमधून. तीन तक्रारी 'राउटर रीस्टार्ट करा' यावर बंद झाल्या. चौथ्या वेळी आलेल्या मुलाने फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला: उणे २९ डीबीएम (हे त्या ताकदीचं माप). साधारण उणे २७च्या खाली गेलं की ओएनटीला प्रकाश नीट वाचता येत नाही, असं त्यानेच समजावलं. २६व्या मजल्यावर शाफ्टमध्ये कुणीतरी फायबर मुडपून केबल टायने करकचून आवळली होती. तुटलेली नव्हती, पण मुडपली की प्रकाश तिथून गळतो. टाय कापल्यावर उणे २१. तक्रार करताना 'पॉवर मोजा' हे दोन शब्द सांगाच.

नाशिक, सोसायटीचा सेक्रेटरी
कंपन्यांना अडवणारा माणूस मीच, म्हणून माझी बाजू सांगतो. पहिल्या कंपनीने प्रत्येक मजल्यावर स्लॅबला भोकं पाडली आणि तशीच सोडून गेली. आग लागली तर धूर त्याच भोकांतून वर चढणार. म्हणून पुढच्यांना दारातच थांबवलं आणि रहिवाशांचा रोष घेतला. आता अट लेखी आहे: भोक फायर सीलंटने बुजवायचं, प्रत्येक वायरीला फ्लॅट नंबरचा टॅग लावायचा, शाफ्टची किल्ली रजिस्टरमध्ये सही करून न्यायची. तीन कंपन्या आत आहेत आणि एकीचा माणूस दुसरीची वायर ओढून काढत नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार रेटिंग देण्याचे नियम आणलेत. नवीन फ्लॅट बघणाऱ्यांनी बिल्डरला त्याबद्दल जरूर विचारावं.

सिंगापूर, १४वा मजला
इथे फायबरचं जाळं एका कंपनीचं आणि सेवा विकणाऱ्या अनेक. घरात फायबरचा पॉइंट आधीच असतो, त्यामुळे कंपनी बदलली तरी भिंतीला हात लागत नाही. मात्र बऱ्याच सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये घरातच एक बॉम्ब शेल्टर असतं, जाड काँक्रीटचं. आमचा पॉइंट त्याच्या एका बाजूला आणि आईची खोली दुसऱ्या बाजूला. ती पुण्याहून राहायला आली की मामाशी व्हिडिओवर बोलताना हॉलमध्ये येऊन बसायची. मागच्या महिन्यात छताच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून लॅन वायर नेली. आता ती दार लावून, पलंगावर टेकून तासभर बोलते.