विषय : दिवाळीचा कार्यक्रम गनर्सबरीच्या हवेलीत

सप्रेम नमस्कार,

यंदाचा दिवाळीचा कार्यक्रम नेहमीच्या शाळेच्या हॉलऐवजी पश्चिम लंडनच्या गनर्सबरी पार्कमधील मोठ्या हवेलीत करावा, अशी आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पार्क ‘लंडन मेळा’ या दक्षिण आशियाई उत्सवाच्या निमित्ताने पाहिले आहे, पण मैदानावर भेळ खाऊन परतताना हवेलीच्या पायऱ्या चढलेले फारच थोडे असतील. सावकार नेथन मेयर रॉथशिल्ड यांनी १८३५ मध्ये ही मालमत्ता घेतली आणि सिडनी स्मर्क या वास्तुविशारदाने तिचे दिवाणखाने नव्याने सजवले. १९२५ मध्ये रॉथशिल्ड कुटुंबाने हवेली व भोवतालची जमीन ईलिंग आणि ॲक्टनच्या नगरपालिकांना विकली, आणि २१ मे १९२६ रोजी, तेव्हा आरोग्यमंत्री असलेल्या नेव्हिल चेंबरलेन यांच्या हस्ते पार्क लोकांसाठी खुले झाले. एका सावकार घराण्याची बाग गिरणी-कारखान्यांतल्या माणसांना रविवारी फिरायला मिळाली, हे मला त्या झुंबरांपेक्षा मोलाचे वाटते. हवेलीत १९२९ पासून संग्रहालय आहे, आणि मोठ्या डागडुजीनंतर २०१८ मध्ये ती पुन्हा उघडली. अशा वास्तूचा खर्च केवळ अनुदानावर भागत नाही. समारंभांच्या भाड्याचाही त्याला हातभार लागतो.

आपली,
एक आजीव सभासद

* * *

सप्रेम नमस्कार,

प्रस्ताव चांगला आहे, परंतु माझ्या मनात शंका आहेत. मागे एका जुन्या हॉलमध्ये आपण चिकटपट्टीने तोरणे लावली होती. ती काढताना रंगाचा तळहाताएवढा पोपडा निघून आला, अनामत रकमेतून पैसे कापले गेले आणि चूक सर्वस्वी आपलीच होती. ही तर ‘ग्रेड दोन तारांकित’ दर्जाची, म्हणजे कायद्याने संरक्षित अशी महत्त्वाची ऐतिहासिक वास्तू आहे. तिथे समई, भिंतीवरची तोरणे आणि लाकडी जमिनीवरची रांगोळी यांचे काय करायचे?

आपला,
कार्यवाह

* * *

सप्रेम नमस्कार,

कार्यवाहांची शंका रास्त आहे, आणि तिच्यामुळेच माझा आग्रह वाढला आहे. पुण्यात आमच्या वाड्याच्या भिंतींना ओल आली तेव्हा घरातल्यांनी चुन्याचा गिलावा खरवडून वर सिमेंट लिंपले. दोन पावसाळ्यांत सिमेंटमागे कोंडलेली ओल आतल्या विटांना पोखरू लागली, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती अडवून धरते. जुन्या घराचे नुकसान बहुधा दुष्टपणाने होत नाही, ते अशा भाबड्या काळजीने होते. दुसरे टोक म्हणजे दार बंद ठेवणे. त्याच पार्कातली धाकटी हवेली वर्षानुवर्षे रिकामी पडून कशी झिजली, हे जाताना पाहून घ्यावे.

म्हणून माझी सूचना अशी, की समईत बॅटरीचे दिवे ठेवावेत, तोरणे आपल्याच उभ्या चौकटींवर बांधावीत, रांगोळी घरून प्लायवूडच्या फळीवर काढून आणावी आणि फराळ कोरडाच ठेवावा. चिवड्याचे तेलकट हात पडद्यांना पुसले जाऊ नयेत, याची जबाबदारी मी स्वतः घेते. मुलांना मात्र खालचे जुने स्वयंपाकघर अवश्य दाखवावे; रॉथशिल्डांच्या मेजवान्या तिथे शिजत होत्या.

कार्यकारिणीची हरकत नसेल, तर या शनिवारी दोघा-तिघांनी जाऊन दालने पाहावीत आणि कुठे काय लावता येते ते तिथल्या व्यवस्थापकांना विचारून लिहून आणावे. मोजपट्टी मी आणते.

आपली,
एक आजीव सभासद