भुट्ट्याच्या किसात दूध नेमकं कधी घालायचं?

प्रश्न: इंदूरला रामबागेत राहते. सासूबाईंचा भुट्ट्याचा कीस कसा छान मोकळा व्हायचा, माझा दर वेळी लगदाच होतो. तुपात जिरं, हिंग, मिरची, मग कीस आणि लगेच दूध घालते. काय चुकतंय?

उत्तर १: अगं दुधाची फार घाई करतेयस. आधी कीस मंद आचेवर परतत राहा, खाली चिकटतो म्हणून कढई सोडून जायचं नाही, कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला, कडेने तूप दिसायला लागलं की मग दूध, तेही थोडं थोडं. माझी आई घड्याळ कधी बघायची नाही, वासावरूनच सांगायची, झालं म्हणून. तेवढं कळायला मला चार पावसाळे लागले.

उत्तर २: ताई, भुट्टा कोणता घेता? स्वीट कॉर्न पाणीदार असतं, त्याचा लगदा होणारच. पावसाळ्यातला देशी घ्या, दाण्याला नख लावलं की दूध यायला हवं. जून असेल तर दूध जास्त लागतं. आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं.

प्रश्नकर्ती: स्वीट कॉर्नच होतं हो! रविवारी देशी आणते.