मदत हवी आहे: हरणाच्या अंगात जुनं पातं, वाकडं शिंग आणि गाठी. मांस खावं का?

नमस्कार मंडळी. परवाना घेऊन, हंगामात केलेली शिकार आहे. शिकार करावी की करू नये हा वाद कृपया या धाग्यात नको, त्यावर वेगळा धागा काढा.

काल एक व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं हरीण) नर मिळाला. दातांच्या झिजेवरून चार-पाच वर्षांचा वाटतो. अंगाने धष्टपुष्ट, पाठीवर चांगली चरबी. उजवं शिंग अगदी नीट, पण डावं बुंध्यापासूनच खाली वळलेलं, जाड आणि गाठाळ. वितळलेली मेणबत्ती ओघळून थिजावी तसं. आधी वाटलं कुठेतरी धडकून मोडलं असेल.

सोलताना उजव्या मागच्या पायाची नळी हाताला लागली. मधोमध लिंबाएवढा फुगवटा, हाड तिरकं जुळलेलं. म्हणजे पाय कधीतरी मोडला आणि आपला आपण सांधला. गंमत म्हणजे गोळी लागायच्या आधी तो चालताना लंगडत नव्हता, निदान मला तरी कळलं नाही.

खरी भीती पुढच्या डाव्या फऱ्यात वाटली. सुरी मांसात जाता जाता कशाला तरी 'कट्' करून अडली. बघतो तर पांढरट, चिवट पिशवी, आणि तिच्यात गंजलेलं बाणाचं पातं! पिशवी फुटली आणि चमचाभर घट्ट पिवळसर पू बाहेर आला. वास फारसा नव्हता. तरी मी हात आखडता घेतला आणि सगळं तसंच थंड जागी टांगून ठेवलं.

प्रश्न दोन. पातं निघालेला फरा टाकावा की पूर्ण जनावर? आणि शिंग असं का झालं? (बरगड्यांवरही दोन-तीन टणक गाठी आहेत, पण त्या किरकोळ वाटल्या.) फोटो डकवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आगाऊ धन्यवाद.

खुरखूण:
शिंगाचं कोडं तुम्हीच सोडवलंय की! मागचा पाय उजवा, शिंग डावं. मागच्या पायाला जबर इजा झाली की विरुद्ध बाजूचं शिंग बिघडतं, हे शिकारीही सांगतात आणि हरणांवर काम करणारेही. पुढच्या पायाची इजा असेल तर बरेचदा त्याच बाजूचं शिंग वेडंवाकडं येतं. मखमल (वाढत्या शिंगावरची मऊ, केसाळ कातडी) असताना नुसता मार लागला असता तर पुढच्या वर्षी नवं शिंग सरळ आलं असतं, कारण जुनं गळूनच पडतं. बुंध्याखालचं हाड दुखावलं तर मात्र जन्माची खोड. ज्यांची मखमल कधी सुटतच नाही आणि शिंगं निवडुंगासारखी गुठळ्यागुठळ्यांची होतात, असेही नर असतात. तिथे बहुधा वृषणांत बिघाड असतो. तुमच्या नराचं ते नाही.

निवृत्त_पशुवैद्य:
पातं आणि पू यांना घाबरू नका. शरीराने त्याला भिंत घालून कोंडलं आहे, आणि जनावर अंगाने चांगलं आहे. पिशवीभोवतीचं मांस बोटभर सोडून सरळ कापून टाका. पू जिथे लागला ते मांस फेका. ती सुरी धुतल्याशिवाय दुसऱ्या तुकड्याला लावू नका. जनावर खंगलेलं असतं, पू ठिकठिकाणी असता किंवा हिरवट आणि घाण वासाचा असता, तर मी सगळंच पुरा म्हटलं असतं.

मात्र तुम्ही कंसात टाकलेली गोष्ट मला जास्त खटकते. बरगड्यांच्या गाठी कुठे आहेत? बाहेरून की छातीच्या आतून? आतल्या अस्तरावर मसूर-वाटाण्याएवढ्या, पिवळट-पांढऱ्या गाठी असतील तर क्षयाची शंका घ्यायची. मिशिगनच्या ईशान्य भागात १९९४ मध्ये शिकारीतल्या एका हरणात हा गोवंशीय क्षय सापडला, आणि पुढे तो तिथल्या रानटी हरणांत पसरलेला असल्याचं कळलं. एक गाठ कापून बघा. हातमोजे घाला.

चुलीजवळ:
कातडीवर काळ्या, केस नसलेल्या चामखिळी आहेत का? मला एकदा दिसल्या होत्या. विषाणूच्या असतात, कातडीबरोबर निघून जातात आणि मांसाला काही होत नाही.

धागाकर्ता:
चामखिळी नाहीत. @निवृत्त_पशुवैद्य, आत्ताच पुन्हा बघून आलो. गाठी तीन आहेत, लागोपाठच्या तीन बरगड्यांवर, एकाच ओळीत. आतला पडदा गुळगुळीत, चकचकीत. एक कापायला गेलो तर सुरी चालेना, करवत लावावी लागली. आतून पांढरं, हाडासारखंच. फुफ्फुसं आणि कलेजी काल पाहिली होती, स्वच्छ होती.

निवृत्त_पशुवैद्य:
मग त्या मोडून जुळलेल्या बरगड्या आहेत. क्षयाची गाठ सुरीने सहज कापली जाते आणि आत घट्ट चिजसारखं निघतं. एका ओळीत तीन म्हणजे एकाच धक्क्याचं काम. नळी आणि बरगड्या एकाच अपघातातल्या असतील. मला तर गाडीची धडक वाटते. बाणाची गोष्ट वेगळी, तो त्याच्या नशिबातला आणखी एक भोग.

आता विचारतो, शिंगासाठी कवटी कापलीत का? कशाने?

धागाकर्ता:
कापली. त्याच करवतीने. 🙈 शिंगांचे बुंधे कोरडे होते, पू नव्हता.

निवृत्त_पशुवैद्य:
बुंध्यापाशी पू असता तर मेंदूतल्या गळवाची शंका आली असती, मोठ्या नरांत ते होतं. तेवढं बरं. पण ती करवत मांसाला लावू नका. तुमच्या भागात हरणांचा क्षीणता रोग (सीडब्ल्यूडी) असेल तर मेंदू, मणका, डोळे, पाणथरी आणि लिम्फच्या गाठी यांपासून दूर राहायचं. हा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त म्यूल हरणांत पहिल्यांदा दिसला. लागण झालेलं जनावर वर्षभरापेक्षाही जास्त काळ तुमच्या नरासारखंच धष्टपुष्ट दिसू शकतं, आणि शिजवल्याने प्रायॉन (हा रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) नष्ट होत नाहीत. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असाच सल्ला आहे. घशामागच्या लिम्फ गाठी तपासायला द्या, तोवर मांस गोठवून ठेवा.

खुरखूण:
+१. आणि पाकिटांवर त्या जनावराचा परवाना क्रमांक लिहा. निकाल आल्यावर कुठलं कोणाचं हे आठवत बसायला नको.

धागाकर्ता:
डोकं तपासणीला दिलं. फऱ्यातला मोठा तुकडा पुरला, बाकी मांस गोठवलं, क्रमांक लिहून. पातं ब्लीचच्या पाण्यात टाकलं होतं, आता त्यावरचा गंज घासतोय. एका बाजूची धार अजून शाबूत आहे, बोट कापून घेतलं!

चुलीजवळ:
त्या पात्याने? धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आधी.