मदत हवी आहे: वडगावचा डेस्कटॉप कंकुंबीत अक्षरांतून उघडतोय, पण नांदत नाही

कंकुंबीचा_पाऊस:

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. पूर्ण वाचा, मग हसा.

बेळगावात वडगावला आमचे घरचे चार यंत्रमाग. बाबा साड्या काढतात. जकार्डच्या बुट्ट्या आणि काठ आखायला मागाशेजारच्या खोलीत एक जुनाट कॉम्प्युटर आहे. त्यात उबंटू, उबंटूत विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाईन, वाईनमध्ये डिझाईनचा एक म्हातारा प्रोग्राम. मी नोकरीला खानापूर तालुक्यात, कंकुंबीच्या बाजूला, मराठी शाळेत मास्तर. बाबांना प्रोग्राम येत नाही आणि मला माग येत नाही. म्हणून ठरलं असं की संध्याकाळी मी इथून डिझाईन नीट करून ठेवायचं, सकाळी बाबांनी जकार्डची छिद्रांची कार्डं पाडायला द्यायची.

दूरचा पडदा इथे दाखवणारं व्हीएनसी लावून बघितलं. पावसाळ्यात इथे सिग्नल म्हणजे खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात एक काडी, तीही फोन उभा धरला तर. निम्मा पडदा उतरतो आणि तिथेच थिजतो. नुसती अक्षरं ने-आण करणारं एसएसएच मात्र याच काडीवर मजेत चालतं. मग डोक्यात किडा वळवळला: अक्षरंच जायची असतील तर अख्खा डेस्कटॉपच अक्षरांत काढून पाठवला तर?

पहिला प्रयत्न क्यूएमयूचा, म्हणजे आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामचा. त्यात कर्सेस नावाचा डिस्प्ले आहे, तो टर्मिनलात चालतो म्हणून खूश झालो. मशीन सुरू होताना अक्षरं दिसली, आणि डेस्कटॉप यायच्या वेळी काळ्या पडद्यावर मधोमध एकच ओळ: ६४० बाय ४८०, ग्राफिक मोड. म्हणजे चित्र आहे हे कळलं, दाखवणार नाही. असू दे.

दुसरा प्रयत्न जमला. वडगावच्या मशीनवर एक्सव्हीएफबीने ६४० बाय ४८० चा आभासी पडदा उघडला, प्रोग्राम त्यावर सोडला, एफएफएमपेगच्या एक्स११ग्रॅबने तो पडदा उचलून एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरला दिला आणि त्याला सांगितलं, चित्र टीसीटीने, म्हणजे रंगीत अक्षरांत काढ. कळा एक्सडूटूलने आत पाठवतो. त्यासाठी पायथनची पन्नासेक ओळींची स्क्रिप्ट स्वतः लिहिली आहे, तिला नावं ठेवू नका. माऊस नाही, बाणांनी टोक हलवतो.

रात्री साडेनऊला मेणबत्तीच्या उजेडात माझ्या लॅपटॉपच्या काळ्या कन्सोलवर रंगीत चौकड्यांमधून खिडकीची चौकट, मेनूची पट्टी आणि मधोमध बुट्टीचा अंधुक कुयरीसारखा डाग दिसला तेव्हा मी एकटाच ओरडलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, साप निघाला काय.

आता रड ऐका. रंग सगळे भलतेच: बाबांचा राणी रंग लाल होतो आणि मोरपंखी नुसता निळा. एक चित्र येऊन दुसरं यायला कधी चार सेकंद, कधी चाळीस. आणि मेनूतलं एक अक्षर वाचता येत नाही. फायलींना आम्ही मराठीत नावं देतो, बाबांचे एक भागीदार कन्नडमध्ये देतात. मराठीची शिरोरेघ तरी आडवी पट्टी म्हणून ओळखू येते. कन्नड नावांचे नुसते मणी झालेत, माळेतून सुटलेले.

लॅपटॉप जुना, २ जीबीचा, पडदा १३६६ बाय ७६८. त्यावर डेस्कटॉप जड जातो म्हणून नुसत्या कन्सोलवरच काम करतो. काय चुकतंय?


सत्त्याण्णवचा_प्राणी:

मास्तर, आधी शाबासकी. १९९७ साली एएलिबचा, म्हणजे चित्राची अक्षरं करणाऱ्या लायब्ररीचा, बीबी नावाचा डेमो बघितला होता, नुसत्या काळ्यापांढऱ्या अक्षरांतून हलती चित्रं. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही दहा जण एका मॉनिटरवर पडलो होतो. पुढे लिबकाकाने त्याच खेळात रंग आणले.

रंगांचं दुखणं तुमच्या कन्सोलचं आहे, वडगावचं नव्हे. लिनक्सच्या नुसत्या कन्सोलकडे रंग १६. एमपीव्ही बिचारा लाल-हिरवा-निळा प्रत्येकी २५६ पायऱ्यांत सांगतोय, कन्सोल त्यातला जवळचा वाटेल तो उचलतो. फाँटमध्येही जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, त्यामुळे ब्रेलच्या ठिपक्यांनी बारीक चित्र काढायचा वगैरे विचार तिथे सोडा. ओपनबॉक्ससारखं खिडक्या सांभाळणारं हलकं काहीतरी टाका आणि पूर्ण रंग दाखवणारं एखादं साधं टर्मिनल त्यात उघडा. २ जीबीत आरामात बसतं.


निपाणीकर:

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला म्हणतो मी? फोनवरून टीमव्ह्यूअरसारखं काहीतरी घ्या की. नाहीतर रविवारी घरी जाऊन करा, कंकुंबी ते वडगाव काय लंकेला जायचंय काय.


कंकुंबीचा_पाऊस:

निपाणीकर, पावसात जांबोटीच्या रस्त्याने एकदा या, मग लंकेचं बोलू. आणि खरं सांगायचं तर आता हौसही आहे.


अर्धा_ठोकळा:

हौस असेल तर हिशोब ऐका, कारण "अक्षरंच जातात म्हणजे हलकं" हा तुमचा मूळ समजच उलटा आहे.

टीसीटी पडद्यावरच्या प्रत्येक घरात, म्हणजे एका अक्षराच्या जागेत, अर्धा ठोकळा ठेवतं: ▄. खालच्या अर्ध्याला अक्षराचा रंग, वरच्या अर्ध्याला मागचा रंग. एका घरात दोन ठिपके, आणि घर उंचीला रुंदीच्या दुप्पट असल्याने ठिपके चौकोनी येतात. युक्ती झकास. पण अक्षराचा एक पूर्ण रंग सांगायला १९ बाइटपर्यंत लागतात, मागच्या रंगाला आणखी १९, ठोकळ्याचे स्वतःचे ३. झाले ४१. तुमच्या १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर ८ बाय १६ च्या फाँटने १७० रकाने आणि ४८ ओळी, म्हणजे ८,१६० घरं. एका चित्राला ३ लाख ३४ हजार बाइट. सेकंदाला दहा चित्रं म्हटली तर २७ मेगाबिटच्या आसपास. तुमच्या एका काडीवर!

आता हेच १७० बाय ९६ ठिपके कच्चे, कसलंही दाबदाबी न करता पाठवले असते तर प्रत्येकी ३ बाइटप्रमाणे ४९ हजार. म्हणजे अक्षरांत काढल्याने चित्र हलकं झालं नाही, जवळजवळ सातपट फुगलं. एसएसएच तुम्हाला हलकं वाटत होतं कारण त्यातून एरवी तुम्ही सेकंदाला चार कळा पाठवता.

गंमत म्हणून: हेच ११५२०० बॉडच्या सीरियल तारेवर सोडलंत तर एक चित्र उतरायला २९ सेकंद.

तर आता तीन गोष्टी करा. ग्रॅबचा वेग सेकंदाला एक किंवा दोन चित्रांवर आणा, बुट्टी काही पळत नाही. टीसीटीला २५६ रंगांचा पर्याय आहे तो लावा, घरामागे ४१ चे २५ होतात. आणि एसएसएचऐवजी मॉश. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. एमपीव्ही दरवेळी अख्खा पडदा नव्याने ओकतं, बदललेलं असो वा नसो. मॉश तुमच्या बाजूला आत्ता काय दिसतंय ते लक्षात ठेवतं आणि फरकच पाठवतं. शिवाय काडी गेली आणि परत आली तर मधली साचलेली चित्रं ओतत बसत नाही, थेट शेवटचं देतं. एसएसएचमध्ये तुमची चाळीस सेकंदं त्या साचलेल्या रांगेत जात होती. मॉश १.४ किंवा त्यापुढचं घ्या, आधीच्या आवृत्त्यांत पूर्ण रंग नाहीत.


काठपदर:

सिक्सेल का नको? टर्मिनलातच खरे ठिपके काढतं.


अर्धा_ठोकळा:

चालेल, पण मॉशमधून जात नाही. आणि ते मग अक्षरांतलं राहत नाही, चित्रच झालं. मास्तरांची हौस मोडेल.


कंकुंबीचा_पाऊस:

दोन दिवसांनी येतोय, मधे लाईट नव्हती.

ओपनबॉक्स टाकलं, रंग आले. राणी राणीच दिसतोय. मॉशने तर चमत्कार केला, मेनू उघडला की फक्त तेवढाच तुकडा सरकतो. हुरूप आला म्हणून टर्मिनलचा फाँट ५ बाय १० केला. २७३ रकाने, ७६ ओळी. डोळे फुटतात, खरं चित्र मोठं दिसतंय. आता टर्मिनलातून माऊसही घेतो, कारण बाणांनी टोक हलवून बोटं दुखली.

आणि इथे नवीनच भूत. पडद्याच्या डाव्या बाजूला, मधे, सगळीकडे क्लिक नीट लागतं. उजव्या टोकाला, जिथे "जतन करा"चं बटण आहे नेमकं तिथे, लागत नाही. कधी काहीच होत नाही, कधी टोक भलतीकडे उडी मारतं. रबर मारून स्क्रिप्ट दोनदा पुसली. अक्षरं अजून वाचता येत नाहीतच.


सत्त्याण्णवचा_प्राणी:

किती रकान्यांनंतर लागत नाही, मोजलंत का? माझी पैज २२३.


कंकुंबीचा_पाऊस:

मोजलं. २२३ पर्यंत लागतंय, २२४ ला नाही. तुम्हाला कसं कळलं?


सत्त्याण्णवचा_प्राणी:

जुनी खोड आहे ती. माऊस कळवायच्या मूळ पद्धतीत रकान्याचा आकडा एका बाइटमध्ये जातो, आणि त्यात आधी ३२ मिळवलेले असतात. बाइट २५५ ला संपतो. २५५ वजा ३२ म्हणजे २२३. ८० रकान्यांच्या जमान्यात कुणी २७३ चा विचार करणार? तुमच्या स्क्रिप्टमध्ये माऊस चालू करताना १००० क्रमांक पाठवत असाल. त्याच्या जोडीला १००६ पाठवा. मग आकडे साध्या दशमान अंकांत येतात, हवे तेवढे मोठे. वाचणारा भाग मात्र बदलावा लागेल.

उभ्या दिशेला एक गोष्ट ध्यानात ठेवा: माऊसला घर कळतं, अर्धं घर कळत नाही. दोन ठिपक्यांपैकी वरचा की खालचा हे टर्मिनल सांगणार नाही. एकेक ठिपका रंगवायचा असेल तर क्लिक करून शेवटचं पाऊल बाणानेच टाका. म्हणजे ती बाणांची स्क्रिप्ट फेकू नका.


अर्धा_ठोकळा:

अक्षरांचं सांगतो. तुमचा ४८० उंचीचा पडदा १५२ ठिपक्यांत कोंबला जातोय, म्हणजे तिसरा हिस्सा. १६ ठिपक्यांचं अक्षर ५ ठिपक्यांचं होतं. इंग्रजी कॅपिटल पाचात कसंबसं तग धरतं. आपल्याकडे वर वेलांटी, मग रेघ, मग अक्षर, खाली उकार. पाचात यातलं काय काय बसवणार? त्याला कुठलंही सेटिंग नाही.

लहान करूच नका. ग्रॅब करतानाच फक्त २७३ बाय १५२ चा तुकडा उचला, ठिपक्याला ठिपका. एक्स११ग्रॅबला माऊसमागे फिरायला सांगता येतं: टोक जिकडे, तुकडा तिकडे. भिंगातून नकाशा बघतो तसं. अक्षर मग आठ ओळी उंच होईल, पण वाचता येईल.

आणि तुमचं काम बघता हेच बरोबर आहे. एक बुट्टी किती घरांची?


कंकुंबीचा_पाऊस:

१२० बाय १४४. अहो, म्हणजे अख्खी मावते!


काठपदर:

टर्म डॉट एव्हरीथिंग नावाचं एक नवीन प्रकरण आहे, कुठलाही प्रोग्राम टर्मिनलात दाखवतं, माऊस-कळांसकट. स्क्रिप्टची कटकट वाचेल कदाचित. मी नुसतं खेळून बघितलंय.


कंकुंबीचा_पाऊस:

उन्हाळ्यात बघेन. चालत्या गाडीची खीळ आत्ता काढत नाही.

रविवारी वडगावला होतो. १००६ लावलं, "जतन करा" पहिल्या फटक्यात लागलं. ठिपक्याला ठिपकाही केलं. मग मुद्दाम बाबांना बोलावलं. मागाचा खडखडाट थांबवून, हात लुंगीला पुसत आले. त्यांना मूळ प्रोग्रामच्या पडद्यात कधी रस नव्हता, "ते चकचकीत काय कळत नाही" म्हणायचे. लॅपटॉपवर चौकड्या बघून खुर्चीच ओढून बसले.

"हे तर आमचं आलेखाचं कागद की रे. आधी असंच भरत होतो, एकेक घर."

मी अर्ध्या ठोकळ्याचं सांगायला लागलो, वर एक रंग, खाली एक. त्यांचं लक्ष नव्हतं. बोट काचेवर टेकवून घरं मोजत होते. मग म्हणाले, "कुयरीच्या शेपटीला एक घर जास्त भरलायस. ताण्यात दिसणार नाही, खरं उलट्या बाजूनं बाणा लोंबणार."

तो ठिपका तिथे तीन आठवडे होता. मी मोठ्या पडद्यावर रोज बघत होतो.

धाग्याला सुटलेला म्हणून खूण करा. एकच शंका उरली: काल रात्री वडगावला लाईट गेली आणि एक्सव्हीएफबीबरोबर जतन न केलेलं सगळं गेलं. मशीन परत चालू झालं की आभासी पडदा आपोआप उभा राहायला काय करू?


सत्त्याण्णवचा_प्राणी:

सिस्टीमडीची सेवा बनवून टाका, मशीनबरोबर उठेल. पण गेलेलं काम ती परत आणणार नाही. स्क्रिप्टमध्ये दर पाच मिनिटांनी एक्सडूटूलने कंट्रोल-एस पाठवा, आणि बाबांच्या मागे लागून एक यूपीएस घ्या.


निपाणीकर:

स्क्रिप्ट इथे टाका की मास्तर. आमच्या दुकानाच्या बिलाच्या कॉम्प्युटरला लावून बघतो.


कंकुंबीचा_पाऊस:

अहो निपाणीकर, तुम्हीपण! टाकतो, आधी त्यातल्या शिव्या असलेल्या कॉमेंट काढून.