पूर ओसरल्यावर नेमकं काय कामी आलं? तुमचे अनुभव लिहा

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलेलं, इकडे गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडलेले. पाणी उतरल्यावर आम्ही चौघं ब्रह्मपुरी तालुक्यात मामाच्या गावी चिवड्याची पाकिटं घेऊन गेलो. मामी दारातच म्हणाली, "खायाले आहे बाप्पा. फावडे आणले का?"

नव्हते आणले. दोन दिवस घमेल्यानं आणि फुटक्या पाटीनं गाळ उपसला. साठवणीच्या ढोलीतल्या धानाला मोड आलेले. हात घातला तर आत गरम लागलं. मागची मातीची भिंत पुरात टिकली आणि ऊन पडल्यावर तिसऱ्या दिवशी बसली. आत कोणी नव्हतं म्हणून बरं.

तुम्ही मदत दिली असेल किंवा घेतली असेल, दोन्ही लिहा. फजिती झाली असेल तर आधी ती.

धंतोलीकर
फजितीच सांगतो. २०२२ च्या जुलैत गडचिरोलीकडे कपडे पाठवायचे म्हणून आम्ही सोसायटीत गोळा केले. टेम्पोभर. शाळेच्या वर्गात मी स्वतः गाठोडी सोडली, तेव्हा लाज वाटली. चेन तुटलेल्या जीन्स, लग्नातली शेरवानी, एकेकटे मोजे. एक आजी तासभर शोधत होत्या. त्यांना नऊवारी लुगडं हवं होतं, आणि तेवढ्या ढिगात एकही नव्हतं. उरलेल्या कपड्यांची विल्हेवाट गावालाच लावावी लागली. आता मी आधी फोन करतो आणि सांगतील तेच नेतो: ताडपत्री, सुतळी, गमबूट, सॅनिटरी पॅड.

टीसीएलवाली ताई
आमच्याकडे एका उत्साही मंडळानं विहिरीत ब्लिचिंग पावडरची, म्हणजे टीसीएलची, अख्खी पिशवी ओतली. पाणी तोंडात धरवेना. बाया पाण्याचे गुंड घेऊन परत नदीवर! साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, पण पावडर ताजी हवी. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर जेमतेम ७० ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडायचं आणि तासभर कोणाला पाणी भरू द्यायचं नाही. आधी गाळ उपसा, नाहीतर पावडर वाया. आणि मंडळवाल्यांनो, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला विचारा ना!

कपाशीवाला
मी घेणारा. महागाव तालुका, जुलै २०२३. दोन एकरातली कपाशी तं गेलीच, वरची माती बी खरडून गेली. खाली नुसते गोटे. त्याची भरपाई किराण्याच्या किटनं कशी होईल? तरी किट घेतली, खोटं कशाला बोलू. ते देताना फोटोसाठी तीनदा हात पुढं करायला लावला. चौथ्यांदा म्हटलं, भाऊ, राहू द्या.

एक पोरगा मात्र वेगळाच आला. पंचनाम्याले सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स लागत होत्या आणि आमचे कागद भिजून एकाले एक चिकटलेले. त्यानं ते पंख्याखाली एकेक पान सोडवून वाळवले, तालुक्याले नेऊन झेरॉक्स मारून आणल्या. त्याचा खर्च किती झाला असंल, शंभर-दीडशे?

मोवाडचा
३० जुलै १९९१ ले आमचं गाव वर्धा नदीनं नेलं. मी दहा वर्षांचा. मदत पुष्कळ आली म्हणतात. मले आठवते ते शेजारगावच्या एका बाईनं माह्या डोक्यात तेल घालून केस विंचरून दिले होते, चिखल निघेपर्यंत. बाकीचं नाही लिहीत.

धागाकर्ता
@कपाशीवाला, रब्बीचं काय केलं मग? आमच्याकडचे दहा-बारा जण कामाला जमतील, शनिवारी निघू शकतो. गोट्यांवर काही उपाय होतो का, का बाहेरून माती टाकावी लागते?

कपाशीवाला
तळ्याचा गाळ टाकतो आहे, ट्रॉलीनं. या. फावडे आणजा.